आरसा, मान, मग स्टिअरिंग

परदेशी जायचं ठरलं की घरात एक यादी तयार होते. पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाचं नाहीतर कंपनीचं पत्र, दातांची तपासणी, चष्म्याची जादा जोडी, मेतकूट, कळण्याचं पीठ. जळगाव आणि धुळ्यातल्या घरांमध्ये अशा कितीतरी याद्या मी वाचल्या आहेत. ‘लायसन्स’ हा शब्द त्यांत असतो, पण अगदी तळाशी, कुणीतरी मागाहून आठवून लिहिलेला. तोवर विमानाला पंधरा-वीस दिवस उरलेले असतात.

एवढ्या दिवसांत ते काम होत नाही. ‘कच्चं’ म्हणजे शिकाऊ लायसन्स आज निघालं, तरी ‘पक्क्या’ची ट्रायल तीस दिवस उलटल्याशिवाय देता येत नाही. कच्चं सहा महिने चालतं. ट्रायलची तारीख त्यानंतर मिळते आणि कार्ड पोस्टाने घरी यायला आणखी काही दिवस जातात. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार कार्डाच्या जोरावर कच्चं लायसन्स घरबसल्या काढता येतं. त्याने आरटीओची एक फेरी वाचली, तीस दिवसांची अट मात्र तशीच राहिली. म्हणून माझं पहिलं सांगणं साधं आहे. प्रवेशाचं पत्र यायच्या आधी, इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चालू असतानाच कच्चं लायसन्स काढून ठेवा. बेत रद्द झाला तरी ते वाया जात नाही.

इथलं पक्कं लायसन्स तिथे कायमचं चालत नाही, मग त्याचा उपयोग काय, असं पुष्कळ जण विचारतात. उपयोग मोठा आहे. ब्रिटनमध्ये राहायला गेल्यावर पहिले बारा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. जर्मनीत ही मुदत सहा महिन्यांची आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. टेक्सासमध्ये रहिवासी झाल्यावर नव्वद दिवसांत तिथलं लायसन्स घ्यावं लागतं, कॅलिफोर्नियात दहाच दिवसांत. मुदत संपल्यावर परीक्षा चुकत नाही, कारण या देशांनी ज्यांची लायसन्सं थेट बदलून द्यायची ठरवलं आहे त्या यादीत भारत नाही. पण परीक्षेपर्यंतची वाट जुन्या लायसन्समुळे आखूड होते. जर्मनीत अगदी नव्याने शिकणाऱ्याला ठरावीक तासिका आणि ठरावीक सराव घ्यावाच लागतो आणि एकूण खर्च दोन-तीन हजार युरोंच्या घरात सहज जातो. ज्याच्याकडे आपल्याकडचं वैध लायसन्स आहे, त्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, पण तासांची सक्ती नसते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात लायसन्स टप्प्याटप्प्याने मिळतं, एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायला थांबावं लागतं, आणि परदेशातला अनुभव दाखवला की ते थांबणं कमी होतं.

अनुभव दाखवायचा म्हणजे कागद लागतो, आणि इथे खान्देशातल्या मुलामुलींची हटकून अडचण होते. कार्डावर छापलेल्या तारखेवरून लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ते नेहमी कळतं असं नाही. नूतनीकरण झालं, पत्ता बदलला, दुचाकीच्या लायसन्समध्ये मागाहून चारचाकी वाढवली की तारखांचा गुंता होतो. आरटीओच्या दप्तरात मूळ नोंद असते. तिचा उतारा मागून घ्यावा. आपल्याकडे त्याला ‘लायसन्स एक्स्ट्रॅक्ट’च म्हणतात. एमएच-१९ असो की एमएच-१८, हा कागद गावात असताना अर्ज करून मिळतो. टोरांटोत बसून मागवायचा तर काकांना रजा काढून खेटे घालावे लागतात.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, मध्ये वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, कधी फक्त आद्याक्षर. लायसन्सवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, हा प्रकार तर घरोघरी. तिथल्या खिडकीपलीकडच्या माणसाला आपली ही पद्धत माहीत असण्याचं कारण नाही. दोन कागदांवर दोन नावं दिसली की तो त्यांना दोन माणसं समजतो. पासपोर्ट हाती आल्या दिवशीच लायसन्स त्याच्या शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

आता ‘इंटरनॅशनल’बद्दल. गावात याविषयी फार गैरसमज आहेत. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट म्हणजे जगभर चालणारं लायसन्स नव्हे. तुमच्या लायसन्सचा तो ठरलेल्या नमुन्यातला अनुवाद आहे, आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला काही अर्थ राहत नाही. कल्पना जुनी आहे. १९०९ साली पॅरिसमध्ये युरोपातल्या देशांनी मोटारींच्या सीमापार प्रवासाचा करार केला, त्यातून ती निघाली. भारत आज ज्या कराराखाली हे परमिट देतो तो १९४९ चा जिनिव्हा करार. ‘फॉर्म ४ ए’ भरायचा, एक हजार रुपये शुल्क, आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने देशभरासाठी या परमिटचा आकार आणि रंग एकसारखा केला आणि त्यावर क्यूआर कोड आणला. परदेशात असताना मुदत संपली तर २०२१ पासून भारतीय वकिलातीमार्फत नव्याने अर्ज करता येतो. हे परमिट आपल्याकडे आरटीओच देतं. इंटरनेटवर डॉलर घेऊन दहा-दहा वर्षांची चकचकीत ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ विकणारे पुष्कळ आहेत. त्या कार्डाला पोलीसही विचारत नाही आणि विमा कंपनीही नाही.

कागदांचं इतकंच. माझा जीव खरा अडकलेला आहे तो पुढच्या गोष्टीत.

जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला किंवा धुळ्यात शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे जाऊन बघा. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या हळूहळू चालत असतात. मागेपुढे लाल ‘एल’, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली जोडलेला दुसरा क्लच आणि ब्रेक. शिकणाऱ्याच्या कानावर काय पडतं? ‘हाफ क्लच. सोड हळू. गिअर. दुसरा टाक. स्टिअरिंग सरळ.’ सगळं हातापायांचं. गाडी बंद पडू नये, धक्का बसू नये, इतकं जमलं की शिकणारा पास झालाच असं घरातही मानतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा शिक्षणाचा काळ किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं हवं. मग ट्रायलमध्ये दुचाकीवाल्याने आठ काढायचा, चारचाकीवाल्याने इंग्रजी ‘एच’मधून गाडी पुढे-मागे घ्यायची. यातून गाडीवरचा ताबा समजतो. रस्त्यावरची समज कळायला मार्ग नाही, कारण त्या ‘एच’मध्ये दुसरं कुणीच नसतं. समोरून येणारा ट्रॅक्टर नाही, शाळेतून सुटलेली पोरं नाहीत, कडेला थांबलेल्या रिक्षाचं अचानक उघडणारं दार नाही.

तिथल्या परीक्षेत गाडीवरचा ताबा गृहीत धरलेला असतो. परीक्षक बघतो ती तुमची नजर.

माझी भाची सहा वर्षं जळगावात गाडी चालवून इंग्लंडला गेली. औट्रम घाटातून, म्हणजे आपल्या कन्नड घाटातून, पावसाळी रात्री गाडी उतरवलेली मुलगी. तिथल्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. गाडी एकदाही बंद पडली नव्हती, कुणाला धक्का लागला नव्हता, वेग मर्यादेत होता. तिला वाटलं, परीक्षकाचा काहीतरी राग असावा. मग तिने तो निकालाचा कागद मला पाठवला. चौकात पुरेसं निरीक्षण नाही, दिशा बदलण्याआधी आरसा पाहिला नाही, एवढंच त्यावर होतं. ब्रिटनमध्ये नापास होण्याची जी कारणं दरवर्षी जाहीर होतात, त्यांत हीच दोन अगदी वर असतात. ती काही खान्देशची खासियत नाही. तिथे जन्मलेली मुलंही यातच अडतात.

ती परीक्षा कशी असते ते थोडं सविस्तर सांगतो. आधी लेखी. पन्नास प्रश्न, त्यातले त्रेचाळीस बरोबर यायला हवेत. आपल्या कच्च्या लायसन्सला नियमाने साठ टक्के पुरतात, तिथे शहाऐंशी. त्याला जोडूनच दुसरा भाग असतो. पडद्यावर रस्त्याचे चौदा छोटे चित्रफितीचे तुकडे दाखवतात. गाडी चालली आहे, आणि कुठेतरी काहीतरी घडू लागतं. थांबलेल्या बसच्या पुढून कुणी रस्त्यावर उतरतं, नाहीतर कडेची गाडी बाहेर निघते. ते घडू लागलं हे तुमच्या लक्षात येताच बटण दाबायचं. जितक्या लवकर, तितके गुण जास्त. पंचाहत्तरपैकी चव्वेचाळीस हवेत. मला ही परीक्षा फार आवडते. संकट आल्यावर ब्रेक लावणारा आणि संकट येणार हे आधी ओळखणारा यांच्यातला फरक तिथे आकड्यात मोजला जातो.

प्रत्यक्ष परीक्षा साधारण चाळीस मिनिटांची. सुरुवातीला वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचायला लावतात. मग रस्ता. अर्ध्या वेळात परीक्षक रस्ता सांगत नाही, पाट्या किंवा सॅटनॅव्ह बघून तुम्ही जायचं. किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात. गंभीर चूक एक झाली तरी नापास. परीक्षा घेणाऱ्या सरकारी संस्थेचंच म्हणणं आहे की पास होणाऱ्याने सरासरी पंचेचाळीस तास शिक्षकाकडे आणि वर बावीस तास घरच्यांसोबत सराव केलेला असतो. आपल्या दहा तासांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

जर्मनीत या नजरेसाठी एक शब्दच आहे, ‘शुल्टरब्लिक’. खांद्यावरून मागे टाकलेला कटाक्ष. दोन्ही आरशांना न दिसणारी एक जागा गाडीच्या बाजूला असते. आपण तिला ब्लाइंड स्पॉट म्हणतो. वळण्याआधी, लेन बदलण्याआधी, कडेवरून निघण्याआधी मान फिरवून ती जागा बघायची. तिथे सायकलवाला असू शकतो आणि सायकलवाल्याचा हक्क तिथे खरोखरचा हक्क आहे. नुसते डोळे फिरवून भागत नाही. परीक्षकाला मान वळलेली दिसली पाहिजे. आपल्याकडच्या अनुभवी माणसाला इथेच जड जातं. तो बघत असतो, पण कोपऱ्यातून, सवयीने, मान न हलवता.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. खान्देशात गाडी शिकलेल्या माणसाची नजर कच्ची नसते. जळगावच्या अजिंठा चौफुलीवरून संध्याकाळी गाडी काढणारा, धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकत्र येतात तिथली अवजड वाहतूक ओलांडणारा, रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीने भरलेल्या, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीमागून रात्री येणारा माणूस एका मिनिटात जितक्या गोष्टी टिपतो तितक्या युरोपातल्या गावाकडच्या रस्त्यावर तासाभरातही घडत नाहीत. बैल बुजेल का, तो म्हातारा अर्ध्यातून परत फिरेल का, पुढच्या टपावरचा गवताचा भारा हलतोय का, हे त्याला आधी कळतं. त्या चौदा चित्रफिती त्याच्यासाठी सोप्या असायला हव्यात. अडचण नजरेच्या पुढच्या पायरीवर आहे. धोका दिसल्यावर इथे आपण हॉर्न वाजवतो आणि तसेच पुढे जातो, कारण समोरचा सावरून घेईल हा हिशेब असतो. तिथे धोका दिसला की पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला पाहिजे.

हॉर्नवरून आठवलं. आपल्या रस्त्याची एक भाषा आहे आणि ती गाडीबरोबर नकळत शिकली जाते. तिचा शब्दकोश तिथे नेला तर अपघात होतो. आपण लांबून डिपर मारतो तेव्हा त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. इंग्लंडात समोरच्याने दिवा लुकलुकवला तर बहुतेक लोक त्याचा अर्थ ‘तुम्ही जा’ असा घेतात. तिथल्या नियमपुस्तकाप्रमाणे त्याचा अर्थ ‘मी इथे आहे’ एवढाच आहे. एकाच उजेडाचे तीन अर्थ. सुरत महामार्गावर पुढचा ट्रकवाला इंडिकेटर देऊन ‘जा पुढे, रस्ता मोकळा आहे’ असं सांगतो आणि आपण त्याचे मनोमन आभार मानतो. तिथे इंडिकेटर म्हणजे तो वळणार, दुसरं काही नाही. ट्रकच्या पाठीवर हॉर्न वाजवायची विनंती लिहायची आपली जुनी चाल महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंद केली, पण हात अजून हॉर्नवरच असतो. ब्रिटनमध्ये उभ्या गाडीतून हॉर्न वाजवायला मनाई आहे, आणि वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात पूर्ण मनाई. जाण्याआधी महिनाभर हॉर्नशिवाय गाडी चालवून बघा. अंतर आपोआप वाढतं आणि पाय आपोआप हलका होतो.

मग पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न. इथे आपण तो चौकात पोहोचल्यावर, डोळ्याला डोळा भिडवून सोडवतो. तिथे तो आधीच सुटलेला असतो. जर्मनीत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळातून आलेला सायकलवाला का असेना. अमेरिकेत चारही बाजूंना ‘थांबा’ची अष्टकोनी पाटी असलेले चौक असतात. प्रत्येकाने चाक पूर्ण थांबवायचं, आधी आला तो आधी जाईल, दोघे एकदम आले तर उजवीकडचा आधी. हे वाचून आपल्याला नवल वाटतं, पण आपल्या २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला पहिला मान आहे, आणि गोलात शिरणाऱ्याने आत फिरणाऱ्याला वाट द्यायची आहे. आरसा नीट लावणं, वेळेवर इशारा देणं, ओव्हरटेक करताना खबरदारी घेणं, हे सगळं आपल्या ट्रायलच्या नियमातही लिहिलेलं आहे. म्हणून मी मुलांना सांगतो, इथे असतानाच जळगावच्या आकाशवाणी चौकात उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचा सराव करा. मागचा ओरडेल, ओरडू दे. दोन महिन्यांत अंगवळणी पडतं.

अमेरिकेतली आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. पिवळी शाळेची बस थांबली, तिचे लाल दिवे लुकलुकू लागले आणि बाजूला ‘थांबा’चा हात उघडला, की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी थांबायचं. समोरून येणाऱ्यानेही. आपल्याकडे अशी सवय नसल्याने नवा माणूस बसच्या बाजूने निघून जातो आणि मोठा दंड भरतो. दंडापेक्षा, त्या बसमागून एखादं पोर धावत निघतं ही खरी भीती.

बाजू बदलण्याची धास्ती सगळ्यांना असते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान डावीकडून चालतात, तिथे तो प्रश्न नाही. जर्मनी, अमेरिका, कॅनडा, आखाती देश उजवीकडून. स्वीडनने तर ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाच वाजता अख्ख्या देशाची बाजू एका दिवसात बदलली, म्हणजे माणसाला हे जमतं. लक्षात ठेवायला खूण एकच पुरते. दोन्हीकडे गाडी चालवणारा रस्त्याच्या मध्याकडे बसतो. तुम्ही कडेच्या पदपथाजवळ बसलेले असाल आणि मधली रेघ लांब असेल, तर चुकीच्या बाजूला आहात. चूक वाहत्या रस्त्यावर फारशी होत नाही, कारण पुढची गाडी दिसते. ती होते रिकाम्या रस्त्यावर, भल्या सकाळी, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. पहिले काही दिवस इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर सुरू होईल, कारण आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते. घाबरू नका. त्या दांड्या आधी उभ्या गाडीत बसून दहा वेळा हलवा.

बर्फाचं मात्र इथे राहून शिकता येत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाच्या पुढे जाणाऱ्या गावातून आपण निघतो. रस्त्यावर साचलेला पारदर्शक बर्फ ओल्या डांबरासारखा दिसतो आणि ब्रेक दाबला की गाडी घसरतच जाते. कन्नड घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिनाच्या जोरावर उतरण्याची सवय असेल तर ती तिथे कामी येते. बाकी पहिला हिवाळा कुणा जाणत्याच्या शेजारी बसून काढावा.

व्यवसाय म्हणून गाडी चालवायला जाणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात बस आणि ट्रक चालकही आहेत. तेव्हापासून धुळ्या-जळगावच्या चालकांकडून मला याबद्दल खूप विचारणा होते. वीस वर्षं ट्रक चालवला हे तिथे उपयोगाचं आहे, पण पुरेसं नाही. जड वाहनाचं तिथलं लायसन्स आणि त्यावर व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता मिळवावी लागते. जर्मनीची साध्या गाडीची लेखी परीक्षा जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते, त्यांत इंग्रजी आहे, अरबी आहे, तुर्की आहे, पण हिंदीही नाही आणि मराठीही नाही. भाषा आधी, स्टिअरिंग मागाहून. कोणताही दलाल याउलट सांगत असेल तर त्याच्या हातात पैसे ठेवू नका. दुबईसारख्या ठिकाणी जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं की तिथे भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही. २०२३ पासून दुबईत अनुभवी परदेशी चालकांना वर्ग न करता थेट परीक्षा देण्याची एक संधी मिळते. ती एकदाच मिळते, आणि हुकली की सगळे वर्ग भरावे लागतात.

आता ज्यांच्यासाठी मी हे प्रकरण मुद्दाम लिहायला घेतलं, त्यांच्याकडे येतो. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे जाणाऱ्या मुली. भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर. बहुतेकींना स्कूटी उत्तम येते. चारचाकी घरात असते, पण तिची किल्ली भावाकडे. अमेरिकेतल्या उपनगरात उतरल्यावर कळतं की घरापासून किराणा आठ किलोमीटर, बस नाही, कित्येक ठिकाणी पदपथही नाही. एम.एस्सी. झालेली, इथे रोज एकटी विद्यापीठात जाणारी मुलगी तिथे दूध आणायला नवरा येईपर्यंत थांबते. या थांबण्याने मन किती खचतं ते मी माझ्या ओळखीतल्या घरांत बघितलं आहे. त्यासाठी इलाज स्वस्त आहे. लग्न ठरायच्या कितीतरी आधी, कॉलेजात असतानाच, तिच्या लायसन्सवर दुचाकीच्या शेजारी चारचाकीची नोंद करून घ्या आणि रविवारी सकाळी गाडीची किल्ली तिच्या हातात द्या. क्लचच्या भीतीने शिकणं सोडलेलं असेल तर हेही सांगा की अमेरिकेत जवळजवळ सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक असतात, क्लच नसतोच. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं, एवढा फरक लक्षात ठेवायचा.

पुन्हा नजरेकडे. ती कशी घडवायची? इंग्लंडात पोलिसांच्या चालकांना एक जुनी रीत शिकवतात. गाडी चालवताना जे दिसतं ते मोठ्याने बोलायचं. १९५५ पासून निघत आलेलं त्यांचं ‘रोडक्राफ्ट’ हे प्रशिक्षणाचं पुस्तक तिथले सामान्य लोकही वाचतात. भुसावळच्या माणसाला ही रीत नवी वाटणार नाही. रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, हात दाखवून. डोळ्यांनी पाहिलेलं तोंडाने उच्चारलं की ते मेंदूतून निसटत नाही. भाचीला मी हेच करायला सांगितलं. सुट्टीवर आली तेव्हा जळगावहून पाचोऱ्याच्या रस्त्याला आम्ही निघालो. ती चालवत होती, मी शेजारी. पहिली दहा मिनिटं तिला लाज वाटली. मग आवाज मोकळा झाला.

‘पुढे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही. पाय काढला. आरसा बघितला, मागे मोटारसायकल, जवळ आहे. डावीकडे शेताचा रस्ता, धूळ उडतेय, कुणीतरी बाहेर येणार. आला, बैलगाडी. थांबते. मागचा थांबला का? थांबला. आता उजवा आरसा. मान. मोकळं आहे. निघाले.’